तुंगाक्कांच्या जावयाची अंघोळ

तुंगाक्का लाकडं धुवायच्या.

हे वाचून कुणाला वाटेल, मी थट्टा करते आहे. थट्टा मी करते, ती मला आवडतेही. पण हे अक्षरशः खरं आहे. मोळीवाला सरपण टाकून गेला की तुंगाक्का ते परसात मांडायच्या, त्यावर कळशीने पाणी ओतायच्या, उन्हात खडखडीत वाळवायच्या आणि मगच ते त्यांच्या चुलीपर्यंत पोचायचं. मोळीवाल्याचा हात लागला, वाटेत आणखी कुणाकुणाचा लागला असेल, तेव्हा धुतलेलं बरं. बाजारातून आलेली नाणी त्या धुवायच्या, भाजी तर बाजारात आणि घरात अशी दोन्हीकडे. मीठ आणि साखर धुता येत नाही, याबद्दल त्यांची थेट देवाकडे तक्रार होती. त्यांचे यजमान नरहरराव कचेरीत हिशेबनीस होते. दिवसभर उर्दूत हिशेब लिहून संध्याकाळी घरी आले की शेरवानी आणि रुमी टोपी बाहेरच्या खुंटीला टांगायची, पंचा नेसायचा, पायांवर पाणी घ्यायचं, आणि मग आत. गरीब माणूस. बिनतक्रार करायचे सगळं.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या राजधानीत, सुलतान बाजाराच्या मागे, आमची गल्ली होती. मी तिथे नवी नवरी म्हणून गेले तेव्हा माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मला परसात नेलं, कंबरेएवढ्या भिंतीपलीकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाल्या, "ह्या तुंगाक्का. सोवळ्याओवळ्याचं काही अडलं तर ह्यांना विचारायचं. मला विचारलंस तर मीही ह्यांनाच विचारणार." गल्लीचं हायकोर्टच होतं ते. बाई मात्र कजाग नव्हत्या. ठेंगण्या, गोऱ्या, सतत ओल्या हातांच्या, आणि हसल्या की पोट धरून हसायच्या. मला त्या फार आवडायच्या, आणि त्यांच्या सोवळ्याचा मला तितकाच राग यायचा. दोन्ही एकदम चालायचं.

मग ते कोरडं वर्ष आलं. मृगात चार थेंब पडले तेवढेच. गणपती कोरडे आले, कोरडे गेले. शहराला पाणी पुरवणाऱ्या गंडीपेटच्या तलावाचा तळ दिसायला लागला असं पुरुष मंडळी येऊन सांगू लागली, आणि एके दिवशी गल्लीत ढोल बडवत मुनादी फिरली: नळाला पाणी सकाळी तासभरच येईल, अंगण धुवायचं नाही, झाडांना घालायचं नाही, कुणी उधळपट्टी करताना दिसलं तर त्याचा नळ बंद.

गल्लीचे डोळे तुंगाक्कांच्या घराकडे लागले. आता ही बाई काय करणार? कुणी म्हणालं, आजारी पडणार. कुणी म्हणालं, माहेरी उदगीरला जाणार.

तुंगाक्का एक दिवस गप्प बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोर्टातून निकाल बाहेर पडायला लागले. लाकडं धुवायची गरज नाही, कारण ती अग्नीतच जातात आणि अग्नीपेक्षा शुद्ध काय आहे? नाणी तुळशीपाशी उन्हात ठेवली की पुरे, सूर्यनारायण बघून घेतील. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं केळीला. नरहररावांच्या पायांवर तांब्याभर पाण्याऐवजी आता पळीभर पाणी पडू लागलं. "भावना शुद्ध असली की झालं," असं त्यांना सांगण्यात आलं.

"हे आधी का नाही सुचलं हो हिला?" सासूबाई फणकारल्या. "इतकी वर्षं आमच्याकडून लाकडं धुवून घेतली!"

एका गोष्टीत मात्र तुंगाक्का हटल्या नाहीत. आमच्या आणि त्यांच्या परसाच्या मागे एक मोठी भिंत होती आणि तिच्यापलीकडे मुनव्वर खाला राहायच्या. त्यांचे मियाँ फौजेत जमादार होते, आता घरीच असायचे. त्यांच्या आवारात जुनी विहीर होती. नळ आल्यापासून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, पण ती आटायचं नाव घेत नव्हती. खाला पडद्यात असायच्या, आम्ही त्यांना फारसं पाहिलं नव्हतं. पण भिंतीपलीकडून त्यांचा आवाज रोज यायचा.

"आक्का, पानी होना तो बोलो जी! बावली भरी सो है."

"नक्को खाला, काफी है," तुंगाक्का इकडून गोड आवाजात ओरडायच्या, आणि रिकाम्या घागरीवर झाकण ठेवायच्या. खालांच्या विहिरीचं पाणी त्यांच्या घरात येणं शक्यच नव्हतं. खालांनाही ते माहीत होतं. तरी त्या रोज विचारायच्या आणि तुंगाक्का रोज नको म्हणायच्या, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

हे असंच चाललं असतं, पण दसऱ्याला नरहरराव गुलबर्ग्याला गेले.

तुंगाक्कांना झालेल्या मुलांतली एकटी वेणू जगली होती. तिचं लग्न त्याच वर्षी माघात गुलबर्ग्याच्या रंगनाथरावांशी झालं होतं आणि आता तिला दिवस गेले होते. पहिला दिवाळसण, त्यासाठी जावयाला आणि लेकीला बोलवायला नरहरराव गेले. परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. भिंतीवरून आम्ही सगळं ऐकलं, कारण त्यांनी ते परसातच सांगायला सुरुवात केली.

"विहीणबाई म्हणाल्या, दिवाळीला दोघं येतील. पण बाळंतपणाला सून ठेवायची की नाही ते नंतर बघू. शहरात पाणी नाही म्हणे. बाळंतिणीला रोज घंगाळभर कढत पाणी लागतं, ते तुम्ही कुठून आणणार? आमच्या परसात बारमाही विहीर आहे. रंगनाथ स्वतःच्या डोळ्यांनी बघून येईल. पाणी दिसलं तर सुनेला ठेवेल, नाही दिसलं तर सोबत घेऊन येईल."

तुंगाक्का मटकन पायरीवर बसल्या. मी भिंत ओलांडून त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं होतं, त्या विहीणबाईंना चार शब्द सुनावतील. त्या म्हणाल्या, "विहीर! मला विहिरीचं सांगायलेत. माझी आई नव्हती, म्हणून माझी पहिली खेप सासरी झाली. त्या घरातही विहीर होती, काठोकाठ. पण मी बाळंतीण, मला शिवायचं कुणी? गरम पाणी दाराबाहेर ठेवून जायचे, मी उठून घेईपर्यंत ते गार व्हायचं. तो मुलगा नाही राहिला माझा." डोळे पुसून त्या उठल्या. "वेणूला मी नाही जाऊ देणार. पाणी दाखवायचं ना त्यांना? दाखवते."

आता गल्लीला काम मिळालं. दुष्काळात माणसं नुसती बसून कंटाळली होती. नरक चतुर्दशीच्या अंघोळीसाठी दर घराने आदल्या दिवशीचं आपलं पाणी वाचवून तुंगाक्कांना द्यायचं ठरलं. जावई पहाटे न्हाणार, ते पाणी बघणार, खूश होणार. आमच्या घरातल्या सगळ्यांनी आदल्या दिवशी ओल्या फडक्याने अंग पुसलं. आमचे हे म्हणाले, "मी काय जावई नव्हतो? मला कुणी असं न्हाऊ घातलं?" मी म्हटलं, तुम्ही भर पावसाळ्यात आलात, तुमचं नशीब.

रंगनाथराव नामपल्लीच्या स्टेशनावरून आले आणि झटक्यातून, म्हणजे आमच्याकडच्या टांग्यातून, उतरले तेव्हा आम्ही सगळ्याजणी खिडकीत होतो. गुबगुबीत, गोरेपान, आज्ञाधारक चेहऱ्याचा मुलगा. तालुक्यात वकिलीची सनद मिळाली होती, पण बोलणं असं की साक्षीदार ह्यांची उलटतपासणी घेईल. वेणू त्यांच्यामागून उतरली. जरा भरली होती, पण डोळे भिरभिरत होते. तिला सगळं ठाऊक होतं आणि थोरामोठ्यांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती.

नरक चतुर्दशीची पहाट. परसात पाट मांडला, भोवती रांगोळी, कोपऱ्यात तापलेला तांब्याचा बंब. चांगला गारठा पडला होता. जावई पंचा नेसून पाटावर बसले, तेल-उटणं झालं. तुंगाक्का घंगाळात पाणी विसणून देणार आणि नरहरराव तांब्याने ओतणार, अशी वाटणी होती. वेणू ओवाळायचं ताट घेऊन उभी. भिंतीच्या अलीकडे मी, माझ्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे गल्लीतल्या बाकीच्या बायका कळश्या घेऊन.

पहिले तांबे मोठ्या थाटात पडले. जावयाने डोळे मिटले, हात गुडघ्यांवर ठेवले. नरहरराव ओतत राहिले. बंब संपत आला. जावई गप्प.

इथे मला एक सांगायला हवं. तुंगाक्कांच्या माहेरची रीत अशी की, दिवाळसणाला जावई "पुरे" म्हणेपर्यंत पाणी थांबवायचं नाही. त्याआधी हात थांबला तर जावयाचा अपमान. बहुतेक जावई चार तांब्यांत पुरे म्हणतात, त्यामुळे ह्या रीतीचा कुणाला त्रास झालेला नव्हता. हे जावई मात्र पुरे म्हणेनात.

बंब संपला. चुलीवरचं पातेलं संपलं. तुंगाक्कांनी माझ्याकडे बघितलं, मी पहिली कळशी भिंतीवरून दिली. आता पाणी गार होतं. जावयाच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण शब्द नाही. दुसरी कळशी, तिसरी कळशी. मागून बायका पुढे सरकवत होत्या, मी पलीकडे देत होते. नरहररावांनी बायकोकडे बघितलं, "काय करू?" अशा नजरेने. तुंगाक्कांनी भुवया वर केल्या: चालू द्या. कचेरीत साहेबाच्या हुकमाशिवाय त्यांचं कलम थांबत नसे, आता तांब्या थांबेना. पाणी मोरीतून केळीच्या आळ्यात चाललं होतं आणि त्या दुष्काळात ती एकटी केळ खूश होती.

"हा मुलगा बेशुद्ध तर नाही ना?" सासूबाई माझ्या कानात कुजबुजल्या.

बेशुद्ध कसला! त्याचे दात वाजत होते, ते मला भिंतीपर्यंत ऐकू येत होते. ओठ निळे पडले होते. पण तो देवळातल्या मूर्तीसारखा बसून होता. गल्लीचं प्यायचं पाणी निघालं, देवाचं निघालं. शेवटी सासूबाईंनी आमची कळशी उलटी करून तुंगाक्कांना दाखवली.

संपलं. तुंगाक्कांचा चेहरा मला अजून दिसतो. हात थांबवला की सगळं उघड होणार आणि वेणू परवाच्या गाडीने गुलबर्ग्याला जाणार.

तेवढ्यात मागच्या भिंतीवर हिरव्या बांगड्यांचा एक हात वर आला. हातात काठोकाठ भरलेली बादली.

"लेओ आक्का. दामाद बैठेच है ना अब्बी?"

नरक चतुर्दशीचं अभ्यंग, जावई पाटावर, आणि खालांच्या विहिरीचं पाणी. मी तुंगाक्कांकडे बघत होते. त्यांनी वेणूकडे बघितलं. मग भिंतीपाशी गेल्या, टाचा उंचावल्या, दोन्ही हातांनी बादली उतरवून घेतली आणि घंगाळात ओतली. कुणाकडे बघितलं नाही. "ओता," एवढंच नरहररावांना म्हणाल्या.

दुसरी बादली आली. तिसरी आली. पलीकडे रहाटाचा कुरकुर आवाज चाललाच होता. खाला कुणाला हार जाणाऱ्यातल्या नव्हत्या, विहीरही नव्हती आणि जावईही. हे आता थेट भाऊबीजेपर्यंत चालणार असं मला वाटायला लागलं.

"पुरे!"

सगळे दचकलो. ओरडली होती वेणू. तिच्या ताटातलं निरांजन केव्हाच विझलं होतं. "पुरे करा हो बाबा! मरतील ते!"

नवऱ्यासमोर, आईबापासमोर, अख्ख्या गल्लीसमोर तिने तोंड उघडलं होतं. नरहररावांनी तांब्या खाली ठेवला, पण भेदरून बायकोकडे बघितलं: हे चालतं का? जावयाने पुरे म्हणायला हवं होतं ना? तुंगाक्का क्षणभर गोंधळल्या आणि मग त्यांच्यातलं कोर्ट जागं झालं.

"वेणू आता त्यांच्या घरची आहे," त्या ठणकावून म्हणाल्या. "तिने म्हटलं म्हणजे त्यांच्याकडून पुरे झालं."

जावयाने डोळे उघडले. निळ्या ओठांनी हळूच विचारलं, "आणि ती तुमची लेकही आहे. म्हणजे तुमच्याकडूनही थांबलं ना, मामी?" आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतात. "म्हणजे मी उठू का?"

"उठा की! कुणी बसवून ठेवलं तुम्हाला?"

"आईने बजावलं होतं. ते पाणी घालायचं थांबवेपर्यंत हूं की चूं करायचं नाही, तू पुरे म्हणालास तर त्यांना कमीपणा वाटेल. आमच्याकडे तशीच रीत आहे. मी कधीचा वाट बघतोय तुम्ही थांबायची." आणि एवढं बोलून त्यांना जी शिंक आली, ती भिंतीपलीकडे खालांनीही ऐकली. "या अल्ला," पलीकडून आवाज आला.

नरहरराव आधी हसले. मी त्या माणसाला पोटभर हसताना कधी पाहिलं नव्हतं. तांब्या हातात धरून ते मोरीच्या कडेला बसलेच. मग आम्ही सगळ्याजणी. हसता हसता सासूबाईंच्या हातातली कळशी पडली आणि तिला पोचा पडला, पण रिकामी होती, त्यामुळे कुणी हळहळलं नाही.

तुंगाक्का मात्र हसत नव्हत्या. जावयाला धाबळीत गुंडाळून फराळाला बसवलं, सुंठीचा काढा दिला, आणि त्या समोर उभ्या राहिल्या. मी चकल्या वाढत होते. मनात म्हटलं, झालं, सुटलो. आता गप्प बसा, आक्का. पण ती बाई गप्प बसणारी नव्हती.

"रंगनाथराव, आईंना खरं तेच सांगा," त्या म्हणाल्या. "ते पाणी माझं नव्हतं. माझ्या घरी सकाळी तासभर नळ येतो तेवढंच. आधी गल्लीचं घातलं तुम्हाला, शेवटी खालांच्या विहिरीचं. तुम्ही पुरे म्हणाला असता तर तुम्हाला कळलंही नसतं. पण सणाच्या दिवशी लेकीच्या संसारात खोटं कालवून मला घास जायचा नाही. वेणू राहावी म्हणून केलं. माझा जीव आहे तिच्यात. आता तुम्ही ठरवा."

वेणूने दाराची चौकट धरली होती. नरहरराव पानातल्या लाडवाकडे एकटक बघत होते, जणू त्यावर काही लिहिलं होतं.

रंगनाथरावांनी काढ्याचा घोट घेतला, नाक पुसलं. "आईने सांगितलं होतं, पाणी दिसलं तर ठेव," ते सावकाश म्हणाले. "मामी, मला आज पाण्याशिवाय काही दिसलंच नाही. आणि ते कुणाचं आहे हे विचारून ये, असं काही ती म्हणाली नव्हती." पहिल्यांदाच मला वाटलं, ह्यांची वकिली चालेल. मग त्यांनी मान वळवली आणि सगळ्यांसमोर वेणूलाच विचारलं, "राहतेस ना?"

वेणूने मान हलवली आणि आत पळाली. तुंगाक्का आता रडल्या, आणि रडता रडता जावयाच्या पानात इतके अनारसे वाढले की तेही पुरे म्हणायला घाबरले.

अंघोळीच्या गडबडीत नळाचा तासही निघून गेला होता, आणि त्या दिवशी गल्लीत प्यायला थेंब नव्हता. बायका एकमेकींकडे बघत बसल्या, आणि शेवटी सगळ्या तुंगाक्कांकडे आल्या. निकाल हवा होता. तुंगाक्कांनी फार वेळ घेतला नाही. "पाणी भूमातेचं," त्या म्हणाल्या. "खालांचा फक्त काठ आहे. आपला दोर, आपली कळशी न्या." खालांनी मागचं दार उघडून दिलं, आणि आम्ही त्यांना पहिल्यांदा नीट बघितलं: उंच, सडपातळ, तोंडात विडा. "इत्ते दिनां काफी है बोले, काफी है बोले," त्या तुंगाक्कांना म्हणाल्या, "काफी रहता सो ऐसा रहता क्या?" तुंगाक्का लाजल्या. लाजलेल्या तुंगाक्का मी तेव्हा बघितल्या, तेवढ्याच.

वेणूला फाल्गुनात मुलगी झाली. नळाला अजून तासभरच पाणी होतं. दहा दिवस तुंगाक्का लेकीला शिवल्या, तिच्याजवळ निजल्या, तिला स्वतःच्या हाताने कढत पाण्याने न्हाऊ घातलं. त्या दिवसांत दार उघडलं की पायरीवर भरलेल्या कळश्या ठेवलेल्या असायच्या. कोण ठेवून जायचं ते कुणी सांगायचं नाही. अकराव्या दिवशी सोयर फिटलं, घर शुद्ध झालं. बारशाच्या सकाळी तुंगाक्का मोरीवर पाय पसरून बसल्या, पायांवर नात, शेजारी बंब. सासूबाई पदर सावरत आल्या. आता शुद्धता झाली होती, आणि संध्याकाळी देवासमोर नैवेद्य दाखवायचा होता.

"आक्का, ह्या कळश्यांतलं खालांच्या विहिरीचं कोणतं हो? तेवढं वेगळं ठेवायला हवं."

"सगळं एकात ओतलं मी," तुंगाक्का मान वर न करता म्हणाल्या.

"अगं बाई! का?"

"पोरीच्या डोक्यावरून गेलं आता. काढा वेगळं."

सासूबाईंनी कळश्यांकडे बघितलं, मग बाळाकडे. नात रडत होती. मग त्यांनी पदर खोचला, खाली बसल्या आणि बाळाच्या कपाळावर हाताचा आडोसा धरला.

"ओता," त्या म्हणाल्या. "हल्लू ओता, डोळ्यांत जाईल तिच्या."